वंशावळीतल्या लेकी कुठे गेल्या?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘जुनी दप्तरं आणि बायकांचे हक्क’ या सत्रात केलेल्या मांडणीचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



सत्राचं नाव वाचल्यापासून काहीजणी मला विचारताहेत, की आपल्याकडे मारहाणीच्या, टाकलेल्या बायकांच्या केसेस पडल्या आहेत आणि तू दप्तरखाना, वाचनालयं कसली घेऊन बसलीस? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायच्या आधी एक छोटं काम करू. वहीच्या मागच्या पानावर डाव्या बाजूला वडिलांचं नाव लिहा, त्याखाली त्यांच्या वडिलांचं, त्याखाली त्यांच्या वडिलांचं. उजव्या बाजूला आईचं, तिच्या आईचं, तिच्या आईच्या आईचं. नुसतं सासरचं नाव चालणार नाही, माहेरचं नाव आणि गावही लिहायचं.

बघा, डावी बाजू चार पिढ्या सहज गेली. उजवीकडे बहुतेकींचा पेन आजीपाशी थांबला. आजीचं माहेरचं नाव किती जणींनी लिहिलं? पाच-सहा. पणजी काहींना आठवते, पण ‘थोरली आई’ म्हणून, नाहीतर माहेरच्या गावावरून.

यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहायची आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येकींचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतं. हौसेचा, गमतीचा कार्यक्रम म्हणून आपण तो बघतो. पण पुढे चाळीस वर्षांनी त्या बाईला ‘मी अमक्याची मुलगी’ हे सिद्ध करायची वेळ आली, की तिचा माग त्या तांदळाच्या ताटापाशी तुटलेला असतो.

हा प्रश्न किती मोठा आहे ते आपल्या देशाला पहिल्याच निवडणुकीत कळलं होतं. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या करताना असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको असंच लिहून घ्यायला लावलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरायच्या नाहीत असं ठरवलं. ज्या बायकांची खरी नावं मिळाली नाहीत, अशा सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. मताचा हक्क घटनेने दिला होता, पण नाव नव्हतं म्हणून तो वापरता आला नाही.

कागद कोणाला लक्षात ठेवतो?

कुळाचा इतिहास शोधायला आपल्याकडे माणसं पूर्वापार कुठे जातात? नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे. त्यांच्या नामावळीत आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते सापडतं. दक्षिण महाराष्ट्रात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात हेळवी आहेत. ते बैल घेऊन गावोगाव येतात आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात, वहीत नवीन नोंद करतात. ही मोठी परंपरा आहे आणि तिचा मान ठेवूनच मी बोलते आहे. पण ही वंशावळ बापाकडून मुलाकडे चालते. लेक लग्न होऊन गेली की तिची शाखा तिथे संपली. तिची मुलं दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत, त्यांच्या बापाच्या नावाखाली.

आता सरकारी दप्तराकडे या. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे. कापडात बांधलेले हजारो रुमाल, बहुतेक मोडीत. त्यात बायका नाहीत असं नाही. वतनासाठी भांडणारी विधवा आहे. बदकर्म केलं म्हणून शिक्षा झालेली बाई आहे. विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या कुणबिणी आणि बटकी आहेत, किमतीसकट. म्हणजे बाई वादाचं कारण झाली, गुन्हेगार ठरली किंवा मालमत्ता झाली, की तिची नोंद होते. घर चालवणारी, शेत राखणारी, मुलं वाढवणारी बाई त्या रुमालांत क्वचितच दिसते.

शेजारी गोव्यात जरा वेगळं चित्र आहे. तिथे १८७० पासून पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला आणि त्यात मुलगा-मुलगी दोघांना वारसाहक्क सारखा. हा वारसाहक्क आता गोव्याच्या स्वतःच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे. हिस्सा सारखा असल्यामुळे माणूस गेल्यावर वारसांचा दस्त करताना किंवा कोर्टात मालमत्तेची यादी करताना सगळ्या मुलींची नावं आणि त्यांच्या नवऱ्यांची नावं लिहावीच लागतात. तिथेही बहिणीकडून सोडून दिल्याची सही घेतली जातेच, गोव्याच्या मैत्रिणी ते सांगतील. पण सही घ्यायची तरी आधी नाव लिहावं लागतं. म्हणून तिथल्या जुन्या दस्तांत लेकी सापडतात.

यातून मी एवढंच काढते, की कागद हिस्सेदाराला लक्षात ठेवतो. जिला हिस्सा नाही तिची नोंद करण्याचं कोणाला कारण नसतं. आणि मग कायदा बदलून हिस्सा मिळाला, तरी तो मागायला जुनी नोंद नसते.

नाव नाही म्हणजे काय जातं

कायदा आपल्याकडे खरोखर बदलला आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, हा घोळ बरीच वर्षं चालला; ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तसं काही लागत नाही असं सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र कायम राहते. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो लागू नाही आणि मुस्लिम, ख्रिश्चन बहिणींचे वारसाहक्क वेगळ्या कायद्याने ठरतात, हेही लक्षात ठेवा.

आता हा कायदा घेऊन बाई गावात जाते तेव्हा काय होतं? आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. साठी उलटलेली, नवऱ्याने टाकलेली, भावांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहणारी. वडील गेल्यावर वारस म्हणून आई आणि दोन भाऊ लागले. ‘आमच्याशिवाय दुसरे वारस नाहीत’ असं प्रतिज्ञापत्र भावांनी दिलं होतं. बहीण रोज त्याच अंगणात भांडी घासत होती. रस्त्यासाठी जमीन जाणार आणि पैसे येणार असं कळल्यावर त्यांनी हिस्सा मागितला. कार्यालयात विचारलं गेलं, ‘तुम्ही त्यांच्या मुलगी कशावरून?’ आधार कार्डावर सासरचं नाव. जन्माची नोंद शोधली तर तिथे फक्त ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं, कारण बारशाच्या आधी नोंद झाली होती.

शेवटी सापडलं ते गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. त्या दुसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या. रजिस्टरात मुलीचं नाव, बापाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, आणि शाळा सोडल्याचं कारण ‘घरकाम’. शाळेतली ती मुलगी आणि आधार कार्डावरची ही बाई एकच, हे जोडायला मामाच्या ट्रंकेतली लग्नपत्रिका उपयोगी पडली. अपिलात नाव लागलं. भाऊबीज मात्र बंद झाली आणि खोलीही सोडावी लागली. ही किंमत आपण बाईला आधी सांगितली पाहिजे आणि त्या काळात तिच्या पाठीशी संघटना असली पाहिजे. दोन वर्षांच्या शिक्षणाने त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या दोन वर्षांची नोंद नसती तर आम्ही काय केलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शोधायचं कुठे?

आता कामाचं बोलू. हे लिहून घ्या.

पहिली शाळा. मुलगी एक वर्ष जरी शाळेत गेली असेल तरी जनरल रजिस्टरात तिची ओळ असते. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे जमा केलं ते तालुक्याच्या शिक्षण विभागात विचारा.

दुसरं, जन्म-मृत्यूची नोंद. १९६९ च्या कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतात. त्याआधीच्या गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. मुलीचं नाव नसलं तरी बापाचं नाव आणि तारीख शाळेच्या तारखेशी जुळवता येते.

तिसरं, जमिनीचे कागद. आजचा सातबारा बघून थांबू नका. त्यावर फेरफार क्रमांक असतात, त्यांचा माग काढत मागे जा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार आणि ६क म्हणजे वारस नोंदवही, या दोन्हीच्या नकला मागा. आता बरेच जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही बघायला मिळतात. वाचताना दोन खुणा ओळखायला शिका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हे असेल तर तो सगळ्यांच्या वतीने लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोरांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून त्यांच्या विधवा आईचं नाव असतं. कित्येक घरांत आजीचं नाव सगळ्या कागदांत फक्त या एका ठिकाणी सापडतं. ‘इतर हक्क’ हा रकानाही नीट वाचा. बहिणींची नावं मालकांच्या रांगेत न घेता तिथे सारलेली दिसतात.

आणि हे बाईला समजावून सांगा, की फेरफार हा महसुलासाठी असतो. त्यात नाव नाही म्हणून मालकी गेली असं होत नाही, ती दिवाणी कोर्टात मागता येते. नोंदणीकृत हक्कसोड पत्रावर सही केली तर मात्र हक्क जातो. साडीचोळी घेऊन भाऊ तालुक्याला न्यायला आला, की आधी कागद वाचून घ्यायचा.

चौथं, घरातल्या वस्तू. तुम्ही हसाल, पण भांड्यांवर घातलेली नावं बघा. हंड्यावर, परातीवर कोणी, कोणाला, कोणत्या लग्नात दिलं ते तारखेसकट कोरलेलं असतं. आत्या, मावशी, मामी, सगळ्या बायका त्या भांड्यांवर नावाने सापडतात. पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासून अशी तरतूद आहे, की वाद सुरू होण्याआधी कुटुंबाच्या वंशावळीत, थडग्यावर, कुटुंबाच्या चित्रावर किंवा जिथे अशी माहिती सहसा लिहितात त्या वस्तूवर मयत नातेवाईकांमधल्या नात्याबद्दल काही लिहिलेलं असेल, तर ते पुराव्यात येऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून आला असेल तर तो खरा धरायची मुभाही कोर्टाला आहे. कोर्ट भांड्याला किती वजन देईल ते प्रकरणावर अवलंबून राहील, पण मोडीत घालायच्या आधी त्याचा फोटो काढून वकिलाला दाखवा. लग्नपत्रिका आणि पोस्टाची जुनी पत्रंही सांभाळा.

पाचवं, वाचनालयं. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी वाचनालयं आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तिथे कादंबऱ्यांच्या कपाटापलीकडे काय आहे ते विचारा. गावाचे इतिहास, शाळांचे आणि संस्थांचे अहवाल, स्थानिक साप्ताहिकांच्या फाइली. आणखी मागे जायचं असेल तर पुण्याचं आणि कोल्हापूरचं पुरालेखागार, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला पुराभिलेख विभाग, पुण्याचं १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी येत नाही म्हणून घाबरू नका. मोडीचे वर्ग चालतात. प्रत्येक जिल्ह्यातून आपल्या दोघीतिघींनी तरी शिकावं.

‘रजिस्टर वाळवीने खाल्लं’, ‘रेकॉर्ड रूम उघडता येत नाही’ ही उत्तरं तुम्हाला मिळतील. त्यावर माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज करा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा तहसीलपासून शाळांपर्यंत जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणारी माणसं शोधून आणली गेली. त्या प्रश्नावर आपल्यात वेगवेगळी मतं असतील. पण मनात आणलं तर दप्तरं उघडतात हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मग एका बाईसाठी एक रजिस्टर का उघडू नये?

जातीच्या दाखल्याचंही तेच आहे. जुना पुरावा लागतो तो १९५० च्या, १९६१ च्या किंवा १९६७ च्या आधीचा, प्रवर्गाप्रमाणे, आणि तो विचारला जातो बापाकडचा. टाकलेल्या बाईच्या मुलांना बाप कागद देत नाही. अशा वेळी बापाच्या बहिणीची, म्हणजे आत्याची शाळेतली नोंदसुद्धा उपयोगी पडते. वंशावळीत जिला कोणी विचारत नव्हतं ती आत्या अशी कामाला येते.

आपलं दप्तर आपण करायचं

जुनं शोधणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं, आज जे आहे ते जपायचं. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि मग विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं म्हणून आपल्या हाती आलं. मधली नव्वदहून अधिक वर्षं ते पुस्तक कुठल्या तरी कपाटात टिकून राहिलं होतं. मुक्ता साळवेचा निबंध आपण वाचतो तो १८५५ च्या ‘ज्ञानोदय’चे अंक कोणीतरी ठेवले म्हणून. ती तेव्हा शाळकरी मुलगी होती.

जे छापलंच गेलं नाही ते बोलण्यातून मिळवावं लागतं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास कुठल्या दप्तरात नव्हता, तेव्हा ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर जाऊन त्या बायकांना भेटल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, गाणाऱ्या बायकांच्या आणि त्यांच्या गावांच्या नावांसकट. मुंबईत ‘स्पॅरो’ १९८८ पासून बायकांच्या मुलाखती, फोटो, कागद सांभाळते आहे. मोठ्या संस्थांची ही कामं आहेतच, पण वही-पेन घेऊन गावात बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी आईचं नाव, मग वडिलांचं असं लिहायचं ठरलं आहे. चांगलंच झालं. पण त्या आईच्या आईचं नाव आपण लिहिल्याशिवाय कोणी लिहिणार नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने तीन गोष्टी करून यायच्या. आपल्या गावातल्या साठीपुढच्या दहा बायकांची उजव्या बाजूची वंशावळ लिहायची: माहेरचं नाव, सासरचं नाव, आईचं नाव, माहेरचं गाव, शाळेत गेली असेल तर कोणत्या. तिच्या परवानगीने लिहायची आणि जे सांगू नको म्हणाली ते लिहायचं नाही. दुसरं, गावची शाळा, ग्रामपंचायत आणि वाचनालय यांत कोणकोणती जुनी रजिस्टरं कुठल्या सालापासून आहेत, त्यांची यादी करायची. तिसरं, आपल्या स्वतःच्या कार्यालयातल्या जुन्या फाइली, पत्रकं, मोर्च्यांचे फोटो खोक्यांतून बाहेर काढायचे, फोटोमागे नावं आणि साल लिहायचं. केसच्या फाइली वेगळ्या, कुलपात. यादीची एक प्रत वाचनालयात ठेवता येईल का तेही बघून या.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आपल्याकडे येणाऱ्या मारहाणीच्या केसमध्ये बाई परत त्याच घरी का जाते, तर जायला दुसरं घर नसतं. ते घर, ती जमीन मागायची असेल तर आपण कोण हे आधी कागदावर सापडलं पाहिजे.

आता गटांत बसा. नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या मैत्रिणींनी जुने सातबारे आणले आहेत, त्यावर ए.कु.मॅ. आणि अ.पा.क. शोधायला सुरुवात करू.